दाखला न्हेल्याबिगर

बसा बाई. मी आता सांगनार त्यातल्या एका शब्दावर तरी इस्वास ठेवून दाखवा, मग मानीन तुमास्नी! गावात कुनाला बी विचारा, शेवंताक्काचं नाव निघालं की लोक आदी हसत्यात, मग खरं का खोटं त्ये बगत्यात. सोताच्या ल्योकाचा माझ्यावर इस्वास न्हाय. तुमी तर शेजारच्या गावच्या शाळंच्या बाई, कालपरवा हिकडं बदलून आलेल्या.

त्यो कागुद हितं उंबऱ्यावर ठेवा. उडंल, थांबा, वर कात्री ठेवतो. सही पायजे न्हवं? करतो की. मला सही येती. पर हात तंबाखूचं हायत, आन सुपातली पानं संपल्याबिगर मी उठत न्हाय. तवर ऐका.

समोर कुलूप दिसतंय न्हवं, ती आमची मराठी शाळा. ती चालू ऱ्हावी म्हनून आमी मिटिंगा केल्या, लई केल्या. मिटिंगंचं कसं असतंय बाई, ठराव वहीत जातोय आन गंमत आमच्याजवळ ऱ्हाती. विडी वळताना सुपाच्या कडंला चुरा साचतोय बगा, कुनी साठवत न्हाय, आपला साचतोय. तशा ह्या गोष्टी. आता तर शिंका येईस्तवर साचल्यात.

*

शाळंची कमिटी असती. पालकांनी त्यात बसायचं. माझा ल्योक मारुती कागलच्या एमआयडीसीत, सून निपाणीत दवाखान्यात आया. म्हनून नात आरोहीची पालक मी! कमिटीत निम्म्या बायका पायजेत असा रूल. बायका कोन येनार? मग आमचं गुरुजी दारोदार फिरलं. एकच मास्तर, त्येच हेडमास्तर, घंटा बी त्येच वाजवायचं. आमा पाच विडीवाल्यास्नी त्येनी गोळा केलं. मी, शेजारची बायजाक्का आन आनकी तिघी.

आमी गेलो ती सुपं घिऊनच. मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोरा, कात्री. अध्यक्ष दादूआण्णा, गावचं पुढारी म्हनून घेतलेलं, इस्त्रीची टोपी घालून बसलेलं. बगितलं आन भडकलं.

"शेवंताक्का, ही मिटिंग हाय, कारखाना न्हवं. सुपं भायेर ठेवा!"

ठेवली. आन हात रिकामं झाल्यावर बायजाक्का सोडून आमी चौघींनी एकदम तोंडं उगडली. भात कच्चा असतोय, नळाला पानी न्हाय, आण्णांची म्हस शाळंच्या मैदानात कुनाला इचारून बांदत्यात, टोपीला इस्त्री हाय पर फळा फुटलाय त्येचं काय. आण्णास्नी घाम फुटला. अध्यक्षाला एक शब्द बोलाय गावला न्हाय त्या दिशी.

पुढच्या मिटिंगला आण्णा सोता दारात हुबं. "आक्का, सुपं आनलासा न्हवं?"

गुरुजी मातूर हुशार. त्येनी एक वळखून ठेवलं हुतं. आमच्या पाच कात्र्या कचाकचा चालू असल्या म्हंजे ठराव पास. कात्र्या थांबल्या की समजायचं, अडला. मग गुरुजी म्होरं वाचायचंच न्हाय. चष्मा काढून पुसत बसायचं.

*

पोरींच्या बातरूमला कडी न्हवती. एक पोरगी आत गेली की दुसरीनं भायेर हुबं ऱ्हायचं. चार मिटिंगा झाल्या, दर खेपंला आण्णा म्हनायचं, "हां हां, बगू. मागला ठराव कायम!"

पाचव्या मिटिंगला म्या आण्णास्नी आदी ताक पाजलं. एक तांब्या. मग दुसरा. घरचं हाय, घ्या की आण्णा! तासाभरानं आण्णा चुळबुळ कराय लागलं, उठलं. म्या म्हटलं, पोरांच्या बातरूमला पानी न्हाय, पोरींच्यात जावा.

आण्णा आत. आमी पाची जनी भायेर.

म्या दार वडलं! उलसंच, इतभर. आतनं आण्णा दोनी हातानं दार धरून, "आक्का! आक्का गं! पाया पडतो!"

म्या म्हटलं, "आण्णा, मागला ठराव कायम का?"

दुसऱ्या दिशी सकाळी नवी कडी. वर नवा रंग बी.

*

आता चपलंचं ऐका. त्येचं मला आज बी वाईट वाटतंय, का त्ये म्होरं कळंल.

मिटिंगची वही असती. नियम असा, की ठराव लिवायचा, वाचायचा, मग सया घ्यायच्या. आमच्यात उलटं. बायकास्नी घरी सैपाक ऱ्हायलेला, बापयांस्नी रानात पानी सोडायचं, म्हनून गुरुजी आदी कोऱ्या पानाच्या खालच्या अंगाला समद्यांच्या सया घ्यायचं, बायजाक्काचा आंगठा घ्यायचं, आन सांजच्याला निवांत वर ठराव लिवायचं. गुरुजींचा आमच्यावर आन आमचा गुरुजींवर. इस्वासच म्हना.

एकदा गुरुजी घंटा द्याय भायेर गेलं. वही माझ्याम्होरं. कोरं पान, खाली समद्यांच्या सया. माझं हात शिवशिवलं बाई! तिसरीपतोर शिकलोय, अक्षर मोठं हाय माझं, पर लागतंय. म्या लिवलं, "गुरुजींची चप्पल तुटली हाय. गावानं नवी चप्पल घ्यावी. सर्वानुमते मंजूर." गुरुजी खरंच दोन म्हैने सुतळी बांदून चालत हुतं.

गुरुजींनी न बगता खाली आपला ठराव लिवला आन वही गेली शिक्षनखात्याच्या आफिसात! आठ दिसांनी साहेब आलं तपासनीला. वही उगडली, वाचलं, चष्म्यावरनं खाली बगितलं. गुरुजींच्या पायाकडं.

"काय गुरुजी, ठरावाची अंमलबजावनी झाली न्हाय अजून?"

गुरुजी लाल! आन आमच्या कात्र्या कचाकचा, कचाकचा. मग काय, सर्वानुमते मंजूर झालेलं. आमी पाची जनी निपाणीच्या बाजारात जाऊन चप्पल आनली. काळी, जाड तळव्याची. गुरुजी तीन दिस घालंनात. चवथ्या दिशी घातली.

*

त्याच साहेबांची दुसरी मिटिंग. ह्ये उन्हाळ्यात. गाव आमचं कर्नाटकात पडतंय, म्हनून साहेब अर्दा तास कन्नडात बोललं. आमास्नी समदं कळतंय हो, बाजार समदा त्यातच करतो आमी. पर आण्णास्नी अध्यक्षपन दावायचं हुतं. उठलं, खाकरलं आन अर्द्या तासाचं तीन शब्दांत मराठी केलं.

"साहेब म्हनत्यात, पोरं वाढवा."

म्या म्हटलं, "साहेब, आमा पाची जनींचं वय झालं. तुमीच बगा काय तर!"

साहेब हसलं. मग मराठीतच बोललं, सरळ. "आजी, मी पन मराठी शाळेतच शिकलोय. मला बी वाईट वाटतंय. पन दहा पोरं हायत. दहाच्या खाली गेली, की ही शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळायची. माझ्या हातात काय न्हाय."

म्या इचारलं, "तुमची पोरं कुठल्या शाळंत जात्यात साहेब?"

साहेब वही बंद करून गाडीकडं गेलं.

*

मग आमी पोरं गोळा कराय भायेर पडलो. गुरुजी, आण्णा, मी आन बायजाक्का. घरोघर. पयल्या घरात च्या. "आमचा इंग्लिश मिडियमला घातलाय हो, पिवळी गाडी येती." दुसऱ्या घरात च्या. पिवळी गाडी. तिसऱ्या घरात च्या, वर बिस्किट. पिवळी गाडी. बायजाक्का बिचारी जन्मात बोलत न्हाय, ती माझ्या कानात म्हनली, "शेवंते, पोट च्यानंच भरलं गं."

शेवटाला आण्णांचं घर आलं. आण्णा म्हनाय लागलं, ऱ्हाऊ दे, उशीर झाला. म्या म्हटलं, असं कसं, अध्यक्षांच्या घरचा च्या सोडायचा? घुसलोच.

आण्णांचा नातू टाय घालून सोफ्यावर. आण्णांची बायको कवतिकानं म्हनली, "आजीस्नी गुड इव्हिनिंग म्हन रं."

त्यो म्हनला.

आण्णा भिताडाकडं बगाय लागलं. म्या हसलो, लई हसलो, त्येंच्या खांद्यावर हात मारला. माझी आरोही शाळंत हुती न्हवं, मला हसाय काय जात हुतं!

*

जूनमदी मारुतीनं आरोहीचं नाव काढलं.

मला इचारलं बी न्हाय. पायऱ्यांवर नवं बूट दिसलं, तवा कळलं. म्या भांडलो. म्या म्हटलं, "आरं, दहा पोरं हायत. ही गेली की नऊ. घरातल्यानंच शाळंचं दार लावायचं व्हय रं?"

मारुती वराडला असता तर बरं झालं असतं. हळू बोलला. "आई, तू तिसरीत शाळा सोडलीस, विड्या वळाय. मी धाव्वी नापास, कागलला मशीन पुसतो. ही आता तिसरीत गेली. सांग, काय करू?"

बाई, मला समद्यास्नी उलटं बोलाय येतंय. त्या दिशी म्या सूप वडलं आन पानं कापाय लागलो.

मग म्या माझं काम केलं, खोडी. नव्या शाळंच्या पयल्या दिशी आरोहीचं बूट तंबाखूच्या पोत्यात लपवलं. म्हटलं, बूट न्हाय तर गाडी न्हाय, एक दिस तर जाईल आमच्या शाळंत. सुनंनं शोदून काढलं. झटाकलं, पुसलं, घातलं, पोरगी गेली पिवळ्या गाडीत.

सांजच्याला आली ती जेवंना. म्या गुदगुल्या केल्या, तर म्हनली, "आजी, माझ्याशेजारी कोन बसलं न्हाय. बुटाचा वास येतोय म्हनली समदी."

मारुतीनं माझ्याकडं बगितलं बी न्हाय. बूट घिऊन नळावर गेला आन धूत बसला. दोनी बूट. लई येळ धूत बसला.

त्येच्यानंतर म्या घरात खोडी केली न्हाय.

*

घरात न्हाय. शाळंत केली की!

पुढच्या मिटिंगला आण्णांनी वचपा काढला. बातरूमच्या कडीचा. म्हनलं, "शेवंताक्का आता पालक न्हाईत. नात गेली. त्यास्नी कमिटीत बसता येनार न्हाय."

रूलच हाय, गुरुजी काय करनार. मी सूप उचललं. दारापतोर गेलो. आन माझ्या डोस्क्यात उजेड पडला.

"गुरुजी, पोरगं शाळंतनं गेलं असं कवा म्हनत्यात?"

"दाखला न्हेला की. रजिष्टरात शाळा सोडल्याची तारीख पडती."

"मग माझं बगा की!"

कुनाला काय कळंना. म्या म्हटलं, मी ह्याच शाळंत तिसरीत हुतो. एक दिस बा म्हनला, उद्यापासनं विड्या. दाखला आनाय कोन गेलतं? विडीला दाखला लागत न्हाय.

गुरुजींनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातनं जुनं रजिष्टर काढलं. वाळवीनं कडा खाल्लेल्या. बोट फिरवत गेलं, फिरवत गेलं, आन थांबलं. नाव हुतं बाई. शेवंता, इयत्ता तिसरी. म्होरल्या रकान्यात शाळा सोडल्याची तारीख... कोरी.

"बगा! पालक नसीन, इद्यार्थी हाय! नऊ पोरं आन मी धावी. कुठं कमी हायत पोरं?"

आण्णांची टोपी हातात आली हसून हसून, मला उठवायचं त्येंनी सोडूनच दिलं. गुरुजी हसलं न्हाईत. त्या नावाकडं बगत बसलं.

आन दुसऱ्या दिसापासनं काय झालं, सांगू? सकाळी हजेरी झाली, नऊ नावं झाली, की गुरुजी खिडकीत यायचं आन रस्त्याच्या हिकडं माझ्या दाराकडं तोंड करून म्हनायचं, "शेवंता!"

मी ह्याच उंबऱ्यावर, ह्येच सूप मांडीवर. "हजर, गुरुजी!"

नऊ पोरं खदाखदा हसायची. रोज. एकदा ताप आलता मला, तर आथरुनातनं म्हटलं. वरीसभर माझी गैरहजेरी न्हाय बाई. म्या लहानपनी सुदीक इतकी हजेरी लावली नसंल.

*

मार्चमदी मिटिंग लागली. साहेब येनार म्हनून समदी आली. गुरुजींनी वही काढली, कोरं पान. आमी आपलं नेहमीसारकं, सया केल्या, बायजाक्कानं आंगठा दिला, सुपं मांडीवर घेतली.

साहेब आलं. वही आपल्याकडं वडली. आन गुरुजींस्नी म्हनलं, "लिवा."

साहेब सांगत गेलं, गुरुजी लिवत गेलं. पटसंख्या कमी असल्यानं शाळा शेजारच्या गावच्या शाळंत मिसळाय कमिटीची हरकत न्हाय. सर्वानुमते मंजूर.

पाची कात्र्या थांबल्या. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला. पुसतच बसलं.

आण्णा उठलं. टोपी सारकी केली. "साहेब, आमी ह्येला सया केल्या न्हाईत."

साहेबांनी पान फिरवून आमच्याम्होरं धरलं. खाली समद्यांच्या सया. सगळ्यात वर माझी, मोठ्या अक्षरात.

मला चप्पल आठवली बाई. कोऱ्या पानावर दुसऱ्याच्या सयांच्या डोक्यावर काय बी लिवता येतंय, ह्ये साहेबास्नी कुनी दावलं? म्याच की.

तवा बायजाक्का उठली. तीन वरसं कमिटीत हुती, एक शब्द बोललेली न्हाय. पदराला हात पुसलं, टेबलाजवळ गेली, आन म्हनली,

"साहेब, माझा आंगठा परत द्या."

साहेबांनी वही मिटली. गाडीपतोर गेलं आन माघारी वळून त्येंनी शाळंची पाटी वाचली, ह्ये म्या बगितलंय. खोटं कशाला बोलू.

*

एप्रिलात शाळंचा शेवटला दिस. नऊ पोरं, नऊ दाखलं. गुरुजींनी एकेकाचं नाव घेतलं, दाखला दिला, पाठीवर हात ठेवला. हितनं समदं दिसतंय. बारकी पोरगी हुती एक, ती दाखल्याची घडी घालून परकराच्या खिशात कोंबत हुती.

मग गुरुजी खिडकीत आलं.

"शेवंता!"

मी हितंच, ह्या दाराच्या माघारी. हजर म्हटलं असतं तर धावा दाखला बी दिला असता न्हवं त्येनी? आन धावा दाखला गेला म्हंजे रजिष्टर मिटलं. शाळंत कुनी ऱ्हायलंच न्हाय. म्या तोंडात पदर धरला.

"शेवंता!"

पोरं बी हसंनात.

तिसऱ्यांदा हाक मारली, ती लई हळू. मग वाट बगितली. मग खिडकी लावली, कुलूप घातलं आन गुरुजी रस्त्यानं गेलं यष्टीकडं. हातात पिशवी, पायात आमच्या ठरावाची चप्पल. माझ्या दाराम्होरनं जाताना पावलं बारकी झाली त्येंची, पर मान वळवली न्हाय.

एवडी वरसं खोड्या केल्या म्या. कुनाला फसवल्याचं दुख न्हाय. त्या एका दिशी गप बसलो, त्येचं हाय.

*

झाली पानं. हात धुतो. द्या आता त्यो कागुद.

मला वाचाय येतंय, तुमी बोट नका दाऊ. "शाळा सोडल्याचा दाखला." हां. नाव, शेवंता. इयत्ता, तिसरी. जन्मतारीख... ह्ये कुठनं काढलासा, मला बी ठावं न्हवतं! वर्तनूक... काय लिवलंय? "चांगली"? बाई, ह्ये गुरुजींचं अक्षर हाय. गुरुजी खोटं कवापासनं लिवाय लागलं? दादूआण्णास्नी दावा ह्यो कागुद, बातरूमच्या दारापाशी नेऊन दावा!

शाळा सोडल्याचं कारन. ह्ये तर कोरं हाय.

काय म्हनलासा? आदी सही करा, कारन मग आफिसात भरू?

न्हाय बाई. कोऱ्यावर सही करून म्या एकदा फसलोय.

रागाऊ नका. साहेबास्नी सांगा, एक पोरगी ऱ्हायलीया रजिष्टरात, ती दाखला घेत न्हाय, लई द्वाड हाय. तुमचा फेरा फुकट गेला, व्हय. एक काम करा मग, आलाईसा तर. तिकडं शाळंच्या खिडकीपाशी हुबं ऱ्हावा आन माझं नाव घ्या. हजेरीला घेत्यात तसं. लाजताय काय, रस्त्यावर कोन न्हाय. जावा, हुबं ऱ्हावा. अजून जरा पलीकडं. हां. मोठ्यानं!

हजर, बाई!

झालं. जावा आता.